साडेचारची कुस्ती

“औंदा तर रोजे बी न्हाईत. मग अडचण कुणाची?”

ओसरीवर कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. मी आत माजघरात पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत बसले होते. मधल्या दाराला पडदा आहे. आमच्याकडच्या बायकांचं निम्मं ऐकणं त्या पडद्यातूनच होतं.

बाहेर जत्रेचे पंच जमले होते. माझे वडील, अण्णा, कळंबच्या कोर्टात वकिली करतात आणि गावच्या कुस्त्यांचा फड भरवणाऱ्या पंचांत ते पुष्कळ वर्षं आहेत. रेडिओवाल्यांचा निरोप आला होता. या वर्षी पुन्हा आमच्या फडातली शेवटची कुस्ती चालू असतानाच रेडिओवरून सांगायची त्यांची तयारी आहे. फक्त ती साडेचारला लागली पाहिजे.

“साडेचार म्हंजी ऐन उन्हात,” म्हाताऱ्या तात्यांचा आवाज आला.

“ऊन काय औंदाच पडाय लागलंय व्हय, तात्या? तुमी झाडाखाली बसा. लढायचंय पैलवानाला.”

पुन्हा हसणं. अण्णांचा आवाज त्यात नव्हता. माझ्या बोटांना गर लागलेला होता आणि मी तो पातेल्याच्या काठाला पुसायची विसरले होते.

चैत्र आला की आमच्या गावात आधी वास येतो, मग जत्रा. कडुलिंबाचा मोहर अंगणात सांडतो, झाडून काढला तरी दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच. गुढीच्या साखरगाठी डब्यात विरघळून एकमेकींना चिकटतात. येरमाळ्याची जत्रा उरकून बैलगाड्या परत येतात, त्यांच्या चाकांना दूरची पांढरी धूळ असते. त्यानंतर चारच दिवसांनी आमच्या गावची जत्रा. आणि या सगळ्याच्या खाली, दिवसभर, पिंजाऱ्यांच्या घरातून येणारा पिंजणाचा आवाज. धनुष्यासारख्या त्या पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरा आपटला की ती थरथरते आणि कापूस वाफेसारखा वर उडतो. लहानपणी मला वाटायचं, उन्हाळ्यालाच तो आवाज आहे.

आता तो येत नाही. पिंजाऱ्यांच्या घरात पिंजण खुंटीला टांगलेलं आहे.

मी सोळा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट सांगते आहे. आमचा जिल्हा नुकताच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. शाळेतल्या नकाशावर त्याचा रंग बदलला, मी मात्र हैदराबादेत मामांकडे राहून तिथल्या इंग्रजी शाळेतच शिकत राहिले. परीक्षा संपली की गावी यायचे. मराठी मी बोलायचे, पण ती पुस्तकातून आणल्यासारखी. विहिरीवरच्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, “बोलली बघ विंग्रजी साळंतली!” म्हणून मी बोलणंच कमी केलं. मान हलवून पुष्कळ कामं भागतात. गप्प बसणाऱ्या मुलीसमोर लोक मोकळेपणी बोलतात, हेही मला तेव्हाच कळलं.

पिंजाऱ्यांची खाला माझ्यासमोर मोकळेपणी बोलायची. उन्हाळ्यात ती आणि तिचा मुलगा आमच्या मागच्या पडवीत गाद्यांचा कापूस पिंजायला येत. खाला लहानखुरी, भुवयांवर कायम कापसाचे तंतू. मुलगा इस्माईल, गावाच्या तोंडात इस्माल पैलवान. दारातून आत येताना तो आपोआप खाली वाकायचा. तालमीत कमावलेल्या त्या दंडावर पिंजण खेळण्यासारखं दिसायचं. निजामाच्या राज्यात पैलवानाला कुणी ना कुणी जहागीरदार पोसायचा. दूध, बदाम, तूप तिकडून यायचं. जहागिऱ्या गेल्या आणि पैलवानांचा खुराक गेला. इस्माईल जत्रांमागून जत्रा लढायचा आणि मधल्या दिवसांत कापूस पिंजायचा.

“ताई,” एकदा त्यानं मला विचारलं, “तुमच्या साळंत कुस्तीला काय म्हणत्यात?”

मी इंग्रजी शब्द सांगितला.

त्यानं तो तोंडात घोळवून पाहिला आणि हसला. “एवढंच? ह्यात तर दम बी लागत न्हाई.”

खाला म्हणाली, “तू तोंड चालव, कापूस आपोआप पिंजला जातोय.”

त्या दोन-तीन वर्षांत रोजे चैत्रात येत होते. रमजान चंद्राबरोबर दर वर्षी थोडा अलीकडे सरकतो. जत्रेच्या दिवसांत तो आला की दोन-तीन वर्षं रेंगाळतो आणि मग निम्मं आयुष्य सरल्यावर परत येतो. याआधी तो जत्रेत आला तेव्हा अण्णा लहान होते. शेवटची कुस्ती लढणारा मुसलमान पैलवान रोज्यानं होता, म्हणून गावानं त्या काळी एक रीत घातली. शेवटची कुस्ती दिवस मावळल्यावर लावायची. समोरच्या पैलवानानंही दुपारपासून पाणी प्यायचं नाही. मशिदीतली बांग ऐकू आली की त्यानंच रोजेदाराच्या ओंजळीत पहिलं पाणी ओतायचं. मग दोघांनी अंगाला माती लावायची. म्हातारी माणसं म्हणायची, “पाणी पाजल्याबिगर जोड लागत न्हाई.” तीस-पस्तीस वर्षं ही रीत कुणाला लागली नव्हती, तरी ती मोडली नव्हती. पेटीतल्या शालूसारखी ठेवलेली होती.

ती मी एकदाच पाहिली, रेडिओ यायच्या आदल्या वर्षी. गावच्या मधोमध ओढ्याकाठी आखाडा होता आणि बायका घरांच्या माळवदांवरून कुस्त्या बघायच्या. मी, आई आणि खाला आमच्या माळवदावर होतो. सूर्य बालाघाटाच्या कडेला टेकला तशी हलगी थांबली. एवढी जत्रा, पण लहान मुलाचं रडणं सुद्धा वेगळं ऐकू यावं अशी शांतता. आखाड्यात इस्माईल उकिडवा बसलेला. समोर तामलवाडीचा दगडू पैलवान, हातात पितळी तांब्या. दोघांचेही ओठ सुकलेले. एकाचे रोज्यानं, एकाचे त्याच्यासाठी. बांग झाली. इस्माईलनं आधी खजूर खाल्ला आणि दगडूनं ओंजळीत ओतलेलं पाणी प्याला. मग त्यानं तोच तांब्या घेऊन दगडूच्या ओंजळीत ओतला. त्यातलं थोडं पाणी मातीत सांडलं. ताक, तेल आणि हळद घालून मळलेली ती माती. तिचा ओला वास माळवदापर्यंत आला, किंवा मला तसं वाटलं. मग गॅसबत्त्या पेटल्या आणि त्यांच्या उजेडात दोघं भिडले. कुस्ती सुटली बरोबरीत. गाव खूश झालं. पाणी एकमेकांना पाजलेल्यांपैकी कुणाच्याही पाठीला माती लागली नाही.

“बराबर हुआ,” खाला म्हणाली आणि कडकडा बोटं मोडली.

बरोबरीत सुटली म्हणूनच ती कुस्ती गाजली, आणि गाजली म्हणूनच पुढच्या वर्षी रेडिओचे साहेब गावात आले.

साहेब वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. अदबीनं बोलत होते, घाम सारखा टिपत होते. दिवाणखान्यात आमचा रेडिओ होता, बॅटरीवर चालणारा, गावातला एकच; त्याच्याकडे त्यांनी ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी इंग्रजीत माझी शाळा विचारली. मी एका शब्दात उत्तर दिलं आणि पडद्यामागे आले.

“आम्हाला साडेचार ते पाच अशी जागा मिळाली आहे,” ते अण्णांना सांगत होते. “या वेळेला पुष्कळ लोक ऐकतात. पाचला बातम्या लागतात, त्या एक क्षणही सरकत नाहीत. संध्याकाळ तर केव्हाच भरलेली आहे.”

“पण आमच्या पैलवानाचा रोजा असतो,” अण्णा म्हणाले. “तो सुटल्यावरच कुस्ती लागते. गावची रीत आहे.”

“रीत फार सुंदर आहे,” साहेब म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. “आम्ही ती सांगू. कुस्तीच्या आधी निवेदनात नक्की सांगू.”

आणखी एक अडचण निघाली. त्यांचं यंत्र फोनच्या तारेला जोडायचं होतं आणि तार होती हमरस्त्याच्या कडेला, पोस्टापाशी. तिथून ओढ्याकाठच्या आखाड्यापर्यंत ती येणार नव्हती. मग आखाडाच पोस्टाशेजारच्या माळावर न्यायचं ठरलं. सगळं इतकं सहज ठरत गेलं. वेळ हलली, मग जागा हलली. अडून बसावं असं कुणालाच वाटलं नाही, कारण आमच्या गावाचं नाव मुंबई-पुण्यात ऐकू जाणार होतं. अण्णांच्या आवाजातही मला तो अभिमान ऐकू आला. नव्या राज्यात आम्ही नवखे होतो. घरात नव्यानं आलेल्या सुनेसारखं गावाला वाटत होतं, की कुणीतरी आपलं नाव घेऊन हाक मारावी.

इस्माईलला तर कुणी विचारायच्या आधीच तो हो म्हणाला. ते मला आमच्या पडवीतच कळलं. खाला मोगरा आपटायची थांबली होती.

“एक रोजा बाद में रख ले रे,” ती म्हणाली. “अल्ला माफ करता. पाणी पिऊन लढ.”

“अम्मा, गेल्या साली रोजा धरून बरोबरीत सुटलो. औंदा पाणी पिऊन जिंकलो तर लोक काय म्हणत्याल? पाण्यानं जिंकला म्हणत्याल.”

“मग साहेबाला सांग, मावळल्यावर घे म्हणून.”

“साहेबाच्या हातात असतं तर त्यानं घेतली असती.” तो कापूस बाजूला सारत म्हणाला. “अम्मा, कोल्हापूरच्या तालमीवाले ऐकत्यात म्हणं रेडिओ. एकदा नाव गेलं कानावर की बोलावणं येतंय. तिकडं अजून पैलवानाला पोसत्यात. मग तू ह्ये पिंजण ठेव खुंटीला.”

खालानं पुन्हा मोगरा उचलला. नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, “बघ बेटी, पोरगा आईचं ऐकंना, पण न बघितलेल्या लोकांनी ह्याचं नाव ऐकायला पायजे.”

कुस्तीच्या दिवशी ऊन सकाळपासूनच पांढरं होतं. माळावरचा आखाडा घाईनं खणलेला. खाली मुरूम लागला, त्यावर ओढ्याकाठची माती गाड्यांनी आणून पसरली, पण ताक आणि तेल मुरायला दिवस लागतात. ते मिळाले नाहीत. हे सगळं मी ऐकलं, पाहिलं नाही. पोस्टाजवळ माळवदं नाहीत. बायकांना बघायला जागाच उरली नव्हती.

म्हणून त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या दिवाणखान्यात आल्या. पुरुष माळावर आणि बायका रेडिओपुढे. जाईआत्या, आमच्या नात्यातली म्हातारी, परक्या पुरुषाचा आवाज आला म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसली. “आत्या, त्यो दिसत न्हाई तुमाला अन् तुमी बी दिसत न्हाई त्याला,” कुणीतरी म्हणालं. “आवाज दिसतोय की,” आत्या म्हणाली. खाला उंबऱ्याशीच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. तिचे ओठही सुकलेले होते.

रेडिओवर आमच्या गावाचं नाव आलं तेव्हा बायकांनी एकमेकींचे हात धरले. मग रीतीविषयीची ती चार वाक्यंही आली. साहेबांनी शब्द पाळला होता. हिंदू पैलवान मुसलमान पैलवानाला पाणी पाजतो, असं निवेदक गोड आवाजात सांगत होता. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल की आज पाणी पाजूनच कुस्ती लागली. आज ते पाणी पाजलेलं नाही, हे तेवढं सांगितलं नाही.

मग हलगी वाजली. ती दोनदा वाजली, हे मला अजून आठवतं. एकदा रेडिओतून आणि एकदा उत्तरेच्या खिडकीतून, माळावरून थेट. लोकांची आरोळी सुद्धा दोन्हीकडून येत होती. आम्ही दोन आवाजांच्या मध्ये बसलो होतो आणि दिसत काहीच नव्हतं.

“लाल लांगेचे इस्माईल पैलवान आता खाली गेले आहेत,” निवेदक सांगू लागला. “निळ्या लांगेच्या दगडूंनी वरून पकड घेतली आहे...”

“लाल?” खाला ताठ झाली. “माझ्या पोराची निळी लांग हाय. काल म्याच धुतली. लाल तर दगडूची.” मग तिनंच हिशेब लावला आणि तिचा चेहरा खुलला. “नावं उलटी घेतली त्यानं. निळा वर हाय म्हंजी इस्माल वर हाय.”

बायका हसल्या, टाळ्या वाजवू लागल्या. निवेदक दमून दमून सांगत राहिला की इस्माईल खाली आहेत, सुटायची धडपड करत आहेत, उन्हानं माती भाजते आहे. आणि खाला प्रत्येक वाक्यागणिक हसत होती. त्यानं नावं बरोबर घेतली होती. चुकला होता तो फक्त रंग.

मग आवाज एकदम हळू झाला. निवेदक म्हणाला, कुस्ती अतिशय रंगात आली आहे, परंतु आपली वेळ संपली आहे. नमस्कार. क्षणभर खरखर, आणि इंग्रजीतून बातम्या सुरू झाल्या.

कुणालाच कळेना. खिडकीतून मात्र आरोळ्या तशाच येत होत्या. माळावर अजून काहीतरी चाललं होतं, आणि रेडिओतला माणूस अगदी शांत आवाजात दुसरंच बोलत होता. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

“बेटी,” खाला म्हणाली, “विंग्रजीत काय सांगतोय त्यो? इस्मालचंच हाय ना?”

परदेशातल्या कुठल्याशा परिषदेची बातमी होती ती. मला प्रत्येक शब्द समजत होता. एवढी वर्षं मामांकडे राहून मी जे शिकले होते ते त्या वेळी सगळं माझ्याजवळ होतं, आणि त्यात खालाला देण्यासारखा एकही शब्द नव्हता. मी मान हलवली. नाही.

“मग कुणाचं सांगतोय?”

तेवढ्यात खिडकीतून बार ऐकू आला. कुस्ती निकाली झाली की उडवायला तेरखेड्याहून शोभेची दारू आणलेली होती. एक बार, मग दुसरा. तिसरा झालाच नाही. बार सुरू होऊन मध्येच कुणीतरी थांबवल्यासारखी ती शांतता होती. खाला उठली आणि अनवाणीच बाहेर गेली. रेडिओ बातम्या सांगत राहिला. तो बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

इस्माईलला घोंगडीत घालून आणलं. दगडू एका टोकाला होता. नंतर तात्यांनी अण्णांना सांगितलं ते मी ऐकलं. दगडूनं पकड घेतली तेव्हा इस्माईलच्या अंगाला घामच नव्हता. कोरडं, भाजणारं अंग. दगडूला ते कळलं आणि त्यानं पकड सैल केली. तोवर इस्माईलनं मान टाकलेली होती. पंचांना वाटलं चितपट झाला. बार उडवणाऱ्यालाही तेच वाटलं.

डॉक्टरांना आणायला कळंबला मोटार गेली. लोकांनी त्याच्या तोंडात पाणी घातलं, अंगावर ओल्या चादरी टाकल्या. पाणी ओठांच्या कडेनं ओघळून गेलं. मी आईबरोबर पिंजाऱ्यांच्या दारात उभी होते. उंबऱ्याबाहेर दगडू बसला होता, अंगाला अजून ती कोरडी माती. त्याला कुणीतरी पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही.

सूर्य बालाघाटाला टेकला. बांग झाली. दगडू उठला, आपला पितळी तांब्या घेऊन आत गेला आणि इस्माईलच्या उशाशी उकिडवा बसला. त्यानं इस्माईलचा हात हलवून हलवून त्याला हाक मारली. “इस्मालभाई, येळ झाली. ओंजळ कर. ए इस्मालभाई, येळ झाली बघ आता.”

खालानं मुलाचे दोन्ही हात उचलून त्यांची ओंजळ केली. दगडूनं त्यात पाणी ओतलं. ते बोटांमधून गादीवर सांडत राहिलं आणि तिनंच पिंजलेल्या कापसानं ते सगळं पिऊन टाकलं.

डॉक्टर पोचले तोवर इस्माईल गेला होता. त्या वर्षीची ईद त्यांच्या घरी आली नाही.

पुढे उन्हाळाभर गावात पत्रं येत राहिली. कुणाचा पुण्याचा भाचा, कुणाचे मुंबईचे साहेब. सगळ्यांनी कुस्ती ऐकली होती, सगळ्यांना ती आवडली होती, आणि सगळ्यांनी एकच विचारलं होतं. शेवटी जिंकलं कोण? कोल्हापूरच्या एका तालमीतूनही विचारणा आली, निळ्या लांगेच्या पैलवानासाठी. अण्णांनी ती कुणाला वाचून दाखवली नाही. तेव्हापासून चैत्रात ते रेडिओला हात लावत नाहीत.

मी पुष्कळदा विचार करते, दोष कुणाचा? साहेब सभ्य होते. निवेदकाचा रंग चुकला, तसा कुणाचाही चुकतो. बातम्यांना त्यांची वेळ होती. इस्माईलला नाव हवं होतं, गावाला हाक हवी होती. पण कुस्तीची वेळ कधी सूर्याकडून आली होती, कधी मशिदीकडून, कधी दोन माणसांच्या तहानेतून. त्या वर्षी ती पहिल्यांदा अशा ठिकाणाहून आली जिथे यातलं काहीच दिसत नाही. तिथे फक्त अर्धा तास होता, आणि त्यात माणसं बसवायची होती. बसली नाहीत तेवढी बाहेर राहिली.

आखाडा दुसऱ्याच वर्षी ओढ्याकाठी परत आला. दगडू पैलवान त्यानंतर लढला नाही. मात्र दर चैत्रात तो तामलवाडीहून येतो. पोट सुटलंय, मिशा पांढऱ्या होत चालल्यात. दिवस मावळताना आखाड्याच्या कडेला येऊन उभा राहतो. बांग झाली की तांब्यातलं पाणी मातीत ओततो, जिथे इस्माईल उकिडवा बसला होता तिथे. मग शेवटची कुस्ती लागते. असा ठराव कुणी केलेला नाही. रोजे केव्हाच चैत्रातून सरकून थंडीत गेले, तरी फड थांबतो. आणि आमच्या माळवदावर, आता पार वाकलेल्या जाईआत्याशेजारी, खाला कठड्याला धरून उभी असते. तिला आता नीट दिसत नाही. “ओतलं का गं?” ती मला विचारते. मी तिचा हात दाबते. मग ती हलगीकडे कान देते. वर्षातून तेवढा एक क्षण तिचा आहे. बाकी वर्षभर ती खुंटीवरच्या पिंजणाखाली बसलेली असते.

हे सगळं ओसरीवर बसलेल्यांनाही माहीत आहे. पण वर्षं जातात, आणि तरुण पंच आता वीस-बावीस वर्षांचे आहेत.

“लोक आता खिशातला रेडिओ घेऊन शेतात जात्यात,” त्यांच्यातला एक सांगत होता. “अन् दिल्लीत तर चित्रासकट दिसाय लागलंय म्हणं. उद्या आपली कुस्ती घरबसल्या बघत्याल लोक. तवा काय, मावळतीला घेतो म्हणायचं? अंधारात चित्र दिसतंय व्हय?”

“दगडूला सांगू की,” दुसरा म्हणाला, “पाणी कुस्ती झाल्यावर ओत. पाणीच हाय, कवा बी ओतलं तर काय?”

“खालाला बी कळायचं न्हाई. तिला दिसतंय कुठं?”

तात्या पुटपुटले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. सगळे अण्णांच्या उत्तराची वाट बघत होते. पडद्याच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. वकील माणूस, बोलायला त्यांना कधी वेळ लागत नाही. पण ते सुपारी कातरत राहिले. अडकित्त्याचा आवाज थांबेना. त्यांना हो म्हणायचं नव्हतं हे मला त्या पाठीवरून कळत होतं, आणि नाही म्हणायचं तर पहिल्या वेळेला आपण हो का म्हणालो, हा प्रश्न त्यांच्या पुढ्यात बसला होता.

“मग कळवू का त्यांना?” तो तरुण उठला. “साडेचार?”

मी आता मुलींच्या शाळेत शिकवते. वर्गात बोलते, पण वर्गाबाहेर अजूनही मान हलवूनच भागवते. चार पुरुषांच्या बैठकीत मी कधी गेले नव्हते. बोटांवर कैरीचा गर तसाच होता. पडदा बाजूला केला तेव्हा त्याला तो लागला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. कुणीतरी चहाचे कप सरकवून जागा केली, मी काही घेऊन आले असं वाटून. माझ्या हातात काही नव्हतं. तोंडात पुस्तकातलं एखादं वाक्य येईल असं मला वाटलं होतं, पण ते आलं नाही. जे आलं ते लहानपणापासून ऐकलेलं होतं, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचं, जसंच्या तसं.

“पाणी पाजल्याबिगर जोड लागत न्हाई, अण्णा.”